साक्ष आणि साद

१८८४ नंतर रानपिंगळा या दुर्मिळ घुबडाचा विश्वासार्ह पुरावा नव्हता. रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ सालचा म्हणून दाखविलेला नमुना जुन्या संग्रहातून चोरून नवी चिठ्ठी डकविलेला निघाला. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, पामेला रासमुसेन व सहकाऱ्यांना हा पक्षी जिवंत दिसला. त्याची छायाचित्रे निघाली.

साक्षीसाठी पक्ष्याने मरण्याची गरज उरली नाही, ही नीतीची प्रगतीच. परंतु छायाचित्रासाठी ध्वनिमुद्रित साद वाजवून त्याला समोर बोलाविले, तर? प्रतिस्पर्धी आला या समजुतीने तो घरटे सोडून धावतो. चित्र खरे, प्रसंग मात्र खोटा. त्या चिठ्ठीने माणसे फसली. ही साद पक्ष्यालाच फसविते. ज्याच्या अस्तित्वाची साक्ष द्यायची, त्याच्याशी तरी खोटे बोलू नये. तो न दिसल्यास रिकाम्या हाताने परतणे, हीही सत्यनिष्ठाच होय.