देहबोली आणि निवाडा

नोकरीच्या मुलाखतीत उमेदवाराच्या हालचालींवरून त्याचा खोटेपणा ताडता येतो, या समजुतीच्या मुळाशी चिन्हविषयक एक गृहीतक आहे. शब्द संकेतबद्ध, म्हणून फसवे. देह निसर्गबद्ध, म्हणून सत्यवचनी. हे गृहीतक तपासण्याची साधने आपल्या परंपरेतच आहेत.

भरताने स्वेद, कंप, स्वरभेद, वैवर्ण्य आदी आठ सात्त्विक भाव सांगितले. पण त्यांतील एकेकाला अनेक कारणे दिली. घाम भयाने येतो, तसाच लज्जेने, श्रमाने, आजाराने आणि उष्म्यानेही येतो. चिन्ह खरे असते. त्याचे कारण मात्र चिन्हात लिहिलेले नसते. शिवाय नटाने हे भाव मनाच्या एकाग्रतेतून निर्माण करावेत, अशी नाट्यशास्त्राची अपेक्षा आहे. सिंधुदुर्गातील दशावतारात लिखित संहितेवाचून उत्स्फूर्त संवाद रंगवणारा, पुरुष असून स्त्रीभूमिका वठवणारा नट हा तिचा जिवंत दाखला होय. सावरलेला देह ही सत्याची साक्ष नव्हे, हे त्या किनाऱ्यावर तरी वेगळे सांगावे लागू नये.

उलट, मालवणीत वाढलेली एखादी मुलगी निवड समितीपुढे प्रमाण मराठीत उत्तर जुळवताना अडखळते, वडीलधाऱ्यांसमोर नजर खाली ठेवते. समितीला त्यात लपवाछपवी दिसते. येथे देह वाचला जात नाही. वाचणाऱ्याच्या वर्गाचे संकेत त्या देहावर लिहिले जातात. बाँड आणि डीपॉलो यांनी २००६ साली यासंबंधीच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा विशेष साधनांवाचून खरे-खोटे ओळखण्याचे सरासरी प्रमाण ५४ टक्के निघाले. नाणे उडवूनही ५० टक्के हाती लागतात.

याज्ञवल्क्यस्मृतीतही खोट्या पक्षकाराची लक्षणे आहेत: ओठांचे कोपरे चाटणे, कपाळी घाम, फिकुटलेला चेहरा, अडखळती वाणी. परंतु इ. स. ११००च्या सुमारास मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने त्यावर मर्मग्राही मर्यादा घातली. या लक्षणांवरून दोषाची केवळ संभावना कळते, निश्चय होत नाही. कारण स्वाभाविक विकार कोणता आणि नैमित्तिक कोणता, हे ओळखणे दुष्कर आहे.

संभावना आणि निश्चय यांतील हे अंतर ज्ञानाचे आहे, तसेच नीतीचेही आहे. संशय आल्यास आणखी एक प्रश्न विचारावा, प्रमाणपत्र पडताळावे, प्रत्यक्ष काम करून दाखवण्यास सांगावे. संशयाचा अधिकार एवढाच. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखती रद्द केल्या. त्याने पक्षपाताची एक वाट बुजली. पण जेथे मुलाखत उरली आहे तेथे प्रश्न तसाच आहे. साहित्यकृतीचा चुकीचा अर्थ लावला तर कृती उरते आणि पुढचा वाचक तो दुरुस्त करू शकतो. उमेदवाराचा चुकीचा अर्थ लावणाऱ्यानंतर दुसरा वाचक येत नाही. आणि ज्याच्याविषयी निवाडा झाला, त्याला आपल्यावर कोणता आरोप होता हेही कळत नाही.