देवाकडे गाऱ्हाणे मांडणे हा अविश्वास आहे का?



आजारपण लांबलेल्या घरी किंवा नोकरी गेलेल्या माणसाकडे समाचाराला गेल्यावर आपण एक वाक्य हमखास बोलतो : ‘विश्वास ठेवा, प्रार्थना करा, देव नक्की ऐकेल.’ हेतू चांगलाच असतो. पण महिने उलटतात, दुखणे हटत नाही, आणि तीच भाविक माणसे म्हणू लागतात, ‘विश्वासच कुठेतरी कमी पडला असेल.’ आधीच खचलेल्या माणसाच्या माथी आणखी एक अपराध मारला जातो. मग तो मिस्सेला यायचेही टाळतो.

ईयोबाचे तीन मित्र नेमके हेच करत होते. पहिले सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले. (तेवढेच त्यांनी बरे केले!) नंतर तोंड उघडले ते त्याचा दोष शोधण्यासाठी. ईयोब मात्र देवाशी भांडला, त्याला जाब विचारू लागला. ग्रंथाच्या शेवटी देव ईयोबालाही त्याची मर्यादा दाखवून देतो, पण कोप होतो तो देवाची बाजू घेणाऱ्या मित्रांवर. त्यांच्यासाठी प्रार्थना करण्याचे काम देव ईयोबावरच सोपवतो.

मग कुरकुर करणे चांगले, असे म्हणायचे का? नाही. रानात इस्राएल लोकांनीही कुरकुर केली, पण ती आपापसांत आणि मोशेजवळ. स्तोत्रकर्त्याचे गाऱ्हाणे थेट देवाच्या दारात जाते. फरक आवाजाच्या चढ-उतारात नाही. आपण तोंड कोणाकडे करून बोलतो यात आहे. ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते, त्यात शेवटी दिलाशाचा एक शब्दही येत नाही. तरीही ख्रिस्तसभेने ते वगळले नाही. दर शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेत आपले धर्मगुरू आणि सिस्टर्स ते म्हणतात.

आणि प्रभू येशू? गेथशेमाने बागेत, मत्तयच्या शुभवर्तमानानुसार, त्याने तीनदा प्रार्थना केली. प्याला टळावा ही विनंती त्याने लपवली नाही आणि पित्याच्या इच्छेपुढे मानही तुकवली. प्याला टळला नाही. त्याचा विश्वास कमी पडला, असे म्हणायची आपल्यापैकी कोणाची छाती आहे?

आपल्याकडे नोव्हेनाची भक्ती मोठी. माहीमच्या संत मायकल चर्चमधील बुधवारचा नोव्हेना १९४८ पासून चालू आहे. वसईहून कामावर जाणारी किती तरी माणसे वाटेत तिथे उतरतात. नऊ बुधवार नेमाने जाणे ही चिकाटी आहे, आणि चिकाटीची शिकवण प्रभूने विधवेच्या दाखल्यातून दिलीच आहे. मात्र नऊ बुधवार भरले, आता देवाने आपला शब्द पाळावा, असा हिशेब मनात शिरला की मागणे संपून व्यवहार सुरू होतो. मागितलेले मिळाले नाही तर व्यवहार मोडतो. नाते मोडायचे कारण नसते.

दिवसभर उभे राहून विरार लोकलने घरी परतणारी बाई, रात्री सासूचे पथ्यपाणी उरकून, रोझरी हातात घेते आणि तिसऱ्या रहस्याला पेंगते. तिने मनाला लावून घेऊ नये. लिझ्यूची संत तेरेजा ही कार्मेल मठातली, पण तिलाही प्रार्थनेत झोप लागे. झोपलेले मूलही आईबापांना तितकेच लाडके असते, असे ती मानत असे. १८९७ साली, वयाच्या २४व्या वर्षी, ती क्षयाने वारली. त्याआधीचे वर्ष-दीड वर्ष तिने विश्वासाच्या काळोखात काढले. त्या काळातही तिने प्रार्थना सोडली नाही.

अशा बाईने दिवसाच्या शेवटी दोनच वाक्ये म्हटली, ‘प्रभू, आज फार झाले. तू कुठे आहेस?’ तर ती प्रार्थनाच आहे.

या आठवड्यात कोणाच्या समाचाराला गेलात, तर ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस आठवावेत. जवळ बसावे. त्यांची इच्छा असेल तर त्यांच्याबरोबर दहा ‘नमो मरिया’ म्हणाव्यात, आणि निघताना रात्रीच्या जेवणाचे काय, तेही विचारावे.