बळ कुणासाठी?

१९३६ च्या ऑलिंपिकवेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा संघ बर्लिनला गेला आणि तिथं त्यानं भारतीय व्यायामप्रकार दाखवले. मंडळाच्या नावातला हनुमान, म्हणजे मारुती, बळाचं दैवत, तसाच तो रामाचा दासही. त्याच बर्लिनमध्ये नाझी राजवट पिळदार देह वंशश्रेष्ठत्वाचा पुरावा म्हणून मिरवत होती.

बळ सेवेसाठी की वर्चस्वासाठी, हा फरक स्नायूला कळत नाही.

नवशिक्याच्या हातात रिकामा वीस किलोचा बारही थरथरतो. काही आठवड्यांत तो स्थिरावतो. आधी मज्जासंस्था शिकते, स्नायू मागाहून भरतात. वजन हळूहळू वाढवावं, शरीराच्या दर किलोमागे रोज दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिनं खावीत, झोप मोडू नये. आरशात दंड पाहण्यात पाप नाही. दुबळ्यांना तुच्छ लेखणं मात्र बळाच्या उपासनेत बसत नाही. जर्मनीत जिमला जाणाऱ्या मराठी मुलांनी एवढं जरूर सांभाळावं.