नशीब, पण हाताला बसेल असे

टॅरोची पाने घेताना माणूस चित्रांवर भाळतो आणि स्वतःचा पंजा विसरतो. नेहमीचे पान ७० मिलिमीटर रुंद, १२० उंच; शिवाय कॅटात अशी ७८! लहान हातांनी पिसायला जावे, तर निम्मे भविष्य सतरंजीवर! अशांसाठी साध्या पत्त्यांएवढे छोटे कॅटही मिळतात. आता गंमत पाहा. सगळे आधीच लिहून ठेवलेले आहे असे मानणारा गृहस्थसुद्धा दुकानात म्हणतोच, "जरा लहान दाखवा हो!" बरे, कॅट लहान म्हणून त्यातला तेरा नंबरचा मृत्यू काही लहान होत नाही. कोणते पान येईल, ते आपल्या हाती नाही. आलेले पान नीट धरता यावे, एवढे पाहणे मात्र आहे. मला विचाराल तर माणसाचे स्वातंत्र्य ते एवढेच. आणि तेही काही थोडके नव्हे.