साक्षीचा ध्वज

ज्या वस्त्रावर धर्माचे मूलवचनच लिहिलेले आहे, ते वस्त्र राज्याच्या दफ्तरातील एक चिन्ह मानावे की राज्यसत्तेहून श्रेष्ठ अशी वस्तू, हा प्रश्न सौदी अरेबियाच्या हिरव्या ध्वजाकडे पाहताना माझ्या मनात वारंवार उभा राहतो. १९७३ साली आजचे रूप पावलेल्या या ध्वजावर शहादा, म्हणजे ईश्वराच्या एकत्वाची आणि महंमद पैगंबरांच्या प्रेषितत्वाची साक्ष, अंकित असून ती कोणत्याही बाजूने उलटी दिसू नये म्हणून त्याच्या दोन्ही बाजू सारख्याच सिद्ध केल्या जातात. २०१५ च्या जानेवारीत राजे अब्दुल्ला निवर्तले, तेव्हाही तो अर्ध्यावर उतरला नाही; मनुष्याच्या मरणाने, मग तो राजा का असेना, ते वचन खाली येत नाही.

२००७ साली अफगाणिस्तानात अमेरिकी सैन्याने मुलांसाठी टाकलेल्या काही चेंडूंवर हाच ध्वज छापलेला आढळला आणि खोस्त प्रांतात निदर्शने झाली. मूर्तिपूजा निषिद्ध मानणाऱ्या परंपरेने अक्षराला इतके जपावे यात मला विसंगती दिसत नाही. आदर कापडाचा नसून त्यावरील अर्थाचा आहे. मला अस्वस्थ करते ती अक्षरांखालची तलवार. साक्ष अंतःकरणाने द्यावयाची, तर तिच्या पायाशी शस्त्र कशासाठी? ते न्यायाचे व सामर्थ्याचे प्रतीक म्हणून सांगितले जाते खरे. तथापि श्रद्धेला राजदंडाची सोबत मिळाली की श्रद्धावंताच्या स्वातंत्र्याचे काय होते, याचे उत्तर त्या स्पष्टीकरणात मला सापडत नाही.