मोडण्याचा हक्क

शाळेत रोबोटिक्सचं किट उघडलं की पहिल्या पाच मिनिटांत एक प्रश्न बहुतेक वेळा येतो. मोटर कशी फिरते, सेन्सरला काळा पट्टा कसा कळतो, हे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न असतो, "ताई, मोडलं तर?"

मी गेली काही वर्षं शनिवारी सकाळी वेगवेगळ्या शाळांमध्ये जाऊन मुलांबरोबर ही किट्स वापरते. काही शाळा जिल्हा परिषदेच्या, काही शहरातल्या भरपूर फी घेणाऱ्या. हा प्रश्न सगळीकडे विचारला जात नाही. ज्यांच्या घरी खेळणं तुटलं की दुसरं येतं, ती मुलं सरळ वायर ओढून बघतात. प्रश्न विचारणारी मुलं किटला हात लावायच्या आधी हात पँटला पुसतात.

म्हणून मला हा प्रश्न शिस्तीचा वाटत नाही, न्यायाचा वाटतो. शिकताना वस्तू मोडली तर तो भार कोणी उचलायचा? आणि मोडायची मुभाच नसेल, तर जे होतं त्याला शिकणं म्हणायचं का?

कासव काय करायचं

आज वर्गात दिसणाऱ्या जवळपास प्रत्येक रोबोटिक्स किटचा मूळपुरुष एक कासव आहे. 1967 साली अमेरिकेत सिमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयरझाइग यांनी मुलांसाठी 'लोगो' नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा तयार केली. पॅपर्ट मूळचा गणितज्ञ. जिनिव्हात ज्याँ पियाजेबरोबर काही वर्षं काम करून मग तो एमआयटीत आला होता. पुढे या भाषेला एक शरीर मिळालं. जमिनीवर चालणारं, पोटाशी पेन लावलेलं यंत्र, नाव 'टर्टल'. मूल लिहायचं 'फॉरवर्ड 100', कासव पुढे जायचं. मूल लिहायचं 'राइट 90', कासव उजवीकडे वळायचं. मागे कागदावर रेघ उमटायची.

आता समभुज त्रिकोण काढायचा आहे असं समजा. तिन्ही कोन 60 अंशांचे असतात हे पाठ असतं. म्हणून मूल लिहितं : पुढे 100, उजवीकडे 60, आणि हेच तीनदा. कागदावर त्रिकोण येत नाही, अर्धा षटकोन येतो. मूल चक्रावतं. वहीत हे झालं असतं तर लाल शाईची फुली मिळून विषय संपला असता. इथे मूल उठतं, स्वतः कासव होऊन फरशीवर चालतं, आणि कोपऱ्यावर आल्यावर त्याच्या लक्षात येतं की आपल्याला 60 नाही, 120 अंश वळावं लागतंय. त्रिकोणाचा आतला कोन वेगळा आणि चालणाऱ्याचं वळणं वेगळं. आयुष्यभर टिकेल असं भूमितीचं ज्ञान एका फसलेल्या चित्रातून आलं.

1980 साली आलेल्या 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकात पॅपर्टने मांडलेला विचार साधारण असा होता : शाळा विचारते, बरोबर की चूक? प्रोग्रॅम लिहिणारा विचारतो, हे दुरुस्त कसं करता येईल? दुसरा प्रश्न विचारायची सवय लागलेल्या मुलाला स्वतःच्या चुकीची लाज वाटत नाही, कुतूहल वाटतं.

कासव रागावत नाही आणि शाबासकीही देत नाही. बाईंचा चेहरा वाचून उत्तर बदलायची सवय लागलेल्या मुलाला असा निर्विकार सोबती पहिल्यांदा भेटतो, तेव्हा ते थोडं गोंधळतं, मग मोकळं होतं.

चूक, नुकसान, अपराध

आपल्या शाळांमध्ये तीन वेगळ्या गोष्टींची एकच मोळी बांधलेली असते. चूक, नुकसान आणि अपराध. फुलपात्र हातातून पडलं की घरीही हेच होतं. हात निसटला ही चूक, फुलपात्राला पोचा आला हे नुकसान, आणि पाठीत धपाटा बसतो तो अपराध केल्यासारखा.

रोबोटिक्सचा तास ही मोळी सोडवू शकतो, कारण इथे तिन्ही गोष्टी सुट्या दिसतात.

प्रोग्रॅममधली चूक फुकट असते. लूप चुकला, अट उलटी लिहिली, रोबो गोल गोल फिरत राहिला. बंद करा, बदला, पुन्हा चालवा. शंभरदा चुकलं तरी कशाची झीज होत नाही. चूक आहे, नुकसान नाही.

यंत्राच्या अंगाशी मात्र चूक महाग पडते. बॅटरी उलटी जोडली तर बोर्ड जळू शकतो. मोटर थेट अर्डुइनोच्या पिनला जोडली तर ती पिनला झेपणार नाही इतका करंट ओढते. छोट्या सर्वो मोटरचा दांडा हाताने जोर लावून फिरवला की आतले प्लॅस्टिकचे दाते झिजतात किंवा तुटतात. इथे चूक आहे, नुकसानही आहे. पण अपराध नाही. दाते तुटल्यावर जे मूल मोटर उघडून आतली चाकं बघतं, त्याला गिअर म्हणजे काय हे पुन्हा समजावून सांगावं लागत नाही.

आणि कधी कधी बिघडतं, पण चूक मुलाची नसतेच. परवा रोबो बरोब्बर काटकोनात वळत होता. आज तोच प्रोग्रॅम, तीच फरशी, पण वळण अर्धवट. मूल तासभर कोड तपासतं, स्वतःला मठ्ठ समजायला लागतं. कारण असतं बॅटरी. ती उतरली की मोटर हळू फिरते, आणि 'इतके सेकंद वळ' असं सांगितलेलं असेल तर तितक्याच सेकंदांत रोबो कमी वळतो. माझ्या मते किटमधला हा सगळ्यात मोलाचा धडा आहे. न चुकताही बिघडू शकतं, आणि दोष कुठे आहे हे ठरवण्याआधी मोजून बघावं लागतं. माणसांबद्दलही हे खरं आहे, पण ते शिकवणारा तास वेळापत्रकात नसतो.

मग अपराध कुठे असतो? मोडलेली मोटर गुपचूप खोक्यात परत ठेवून, पुढच्या गटाला ती चांगली आहे असं वाटू देण्यात. हा अपराध भीतीतून जन्मतो. मोडल्याबद्दल शिक्षा असेल तर मुलं मोडायची थांबत नाहीत, सांगायची थांबतात.

कपाट

2016 साली निती आयोगाअंतर्गत अटल इनोव्हेशन मिशन सुरू झालं आणि शाळाशाळांत अटल टिंकरिंग लॅब उभ्या राहू लागल्या. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. एका शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान : 10 लाख उभारणीसाठी आणि 10 लाख पाच वर्षांत चालवण्यासाठी. अशा लॅबची संख्या देशात 10 हजारांपर्यंत पोचली, आणि 2025 च्या अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी 50 हजार लॅबची घोषणा झाली. टिंकरिंग म्हणजे आपल्या भाषेत खुडबुड. सरकारने खुडबुडीसाठी पैसे द्यावेत ही मला मनापासून आनंदाची गोष्ट वाटते.

पण खुडबुडीचं सामान मी अनेकदा कुलपात पाहिलं आहे. एका शाळेत तर खोक्यांवरचं प्लॅस्टिकही तसंच होतं. किल्ली मुख्याध्यापकांकडे, आणि पाहुणे आले की कपाट उघडायचं.

यावर हसणं सोपं आहे. पण त्या मुख्याध्यापकांच्या खुर्चीतून बघा. प्रत्येक वस्तू डेड स्टॉक रजिस्टरला चढलेली. तपासणीला आलेला माणूस नोंदी मोजणार, मुलांच्या डोक्यात काय उतरलं ते मोजणार नाही. एक सेन्सर कमी भरला तर खुलासा द्यायचा. मोडलेली वस्तू रजिस्टरमधून काढायची तर निर्लेखनाची प्रक्रिया. बदलीच्या वेळी चार्ज देताना प्रत्येक नग दाखवायचा. न वापरलेल्या किटबद्दल कोणी जाब विचारत नाही, तुटलेल्या किटबद्दल विचारतात. मग शहाणा माणूस काय करेल? कुलूप लावेल.

म्हणजे 'मोडलं तर?' हा प्रश्न मुलांचा नाहीच. तो त्यांच्या सरांचा आहे आणि सरांच्या साहेबांचा आहे. वरून खाली झिरपत तो सहावीतल्या मुलापर्यंत आलेला असतो.

स्क्रूड्रायव्हर कोणाकडे

कुलूप उघडलं तरी गणित उरतंच. चाळीस मुलं, चार किट्स, चाळीस मिनिटांचा तास. सामान वाटायला पाच मिनिटं, मोजून परत भरायला पाच. उरली तीस. एका किटला दहा मुलं, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला तीन मिनिटं.

ही तीन मिनिटंही सारखी वाटली जात नाहीत. किट आधी 'हुशार' मुलाच्या हातात जातं, कारण तो मोडणार नाही. स्क्रूड्रायव्हर मुलाकडे जातो आणि वही मुलीकडे, कारण तिचं अक्षर छान आहे. ती सुंदर आकृती काढते, पिनांचे नंबर लिहिते, आणि वर्ष संपतं तरी तिने एकही वायर खोचलेली नसते. तिच्यावर कोणी अन्याय केला असं कोणालाच वाटत नाही, तिलाही नाही. उलट तिचं कौतुक झालेलं असतं.

जपून वापरण्याचा निकष लावला की ज्याला गरज कमी त्याला वस्तू जास्त मिळते. ज्याचे हात आधीच सरावलेले आहेत तो मोडत नाही. ज्याचे सरावायचे आहेत तो मोडणार, म्हणून त्याला मिळत नाही, म्हणून त्याचे सरावत नाहीत. मोडण्याची मुभा हे एक प्रकारचं भांडवल आहे आणि ते इतर भांडवलासारखंच वाटलं गेलंय.

याचं टोक विज्ञान प्रदर्शनात दिसतं. टेबलावर सुरेख चालणारा रोबो, कोड कुठून तरी तयार आणलेला, आणि शेजारी पाठ केलेलं भाषण म्हणणारं मूल. परीक्षक विचारतात, "चालतो का?" चालतो. 'हा किती वेळा बंद पडला आणि का?' असं विचारलं तर खरी परीक्षा होईल.

पण पैसा लोकांचा आहे

हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. किट सार्वजनिक पैशातून आलं आहे. यंदाच्या मुलाने मोडलं तर पुढच्या वर्षीच्या मुलीचं काय? मोडण्याचा हक्क मागताना तिचा हक्क मी काढून घेत नाही ना?

माझं उत्तर असं आहे. कुलपातल्या किटमुळेही पुढच्या मुलीला काही मिळत नाही. शिवाय अशी वस्तू नुसती ठेवूनही मरते. लेगोने पॅपर्टच्या पुस्तकाचं नाव घेऊन 1998 साली 'माइंडस्टॉर्म्स' किट आणलं, आणि 2022 च्या अखेरीस ती मालिकाच बंद केली. पहिल्या किटची सॉफ्टवेअर आजच्या कॉम्प्युटरवर सहज चालत नाहीत. प्लॅस्टिकचे ठोकळे शाबूत, पण त्यांच्याशी बोलायची भाषा गेली. जपून ठेवलेलं किट दहा वर्षांनी तितकंच निरुपयोगी असतं, फक्त त्यातून कोणी काही शिकलेलं नसतं.

म्हणून कुठलं किट घ्यायचं हाही नैतिक निर्णय आहे. 2005 साली इटलीत सुरू झालेल्या अर्डुइनोचं डिझाइन खुलं आहे, कोणीही तसा बोर्ड बनवू शकतो. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तो काहीशे रुपयांत मिळतो, आणि छोटी सर्वो शंभर-दीडशेला. ज्याचा सुटा भाग गावाजवळच्या बाजारात मिळत नाही ते किट कितीही देखणं असलं तरी ते मुलाला सांगतं, 'मला हात लावू नकोस.' पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंपासून खेळणी केली. त्यामागची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते : काडेपेटी आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब मोडायला कोणीच घाबरत नाही.

आणि हक्काबरोबर कर्तव्यही यायला हवं. 1937 साली वर्ध्यात गांधीजींनी नई तालीम मांडली तेव्हा हाताने काम करत शिकणं मध्यभागी ठेवलं. टकळीवर सूत कातायला शिकणाऱ्याचा धागा तुटतोच, आणि तुटलेला धागा सांधणं हा त्या शिकण्याचाच भाग असतो. मोडेल त्याने दुरुस्तीला बसायचं, शिक्षा म्हणून नव्हे, पुढचा धडा म्हणून.

काही शाळांत आम्ही किटच्या खोक्यात एक दोनशे पानी वही ठेवतो. मुलं तिला मोडवही म्हणतात. काय मोडलं, तेव्हा काय करून बघत होतो, का मोडलं असावं, दुरुस्त झालं का. 'कोणी' हा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. तरी मुलं स्वतःहून नाव लिहितात, कारण त्या नोंदीत आता लाज उरलेली नसते. 'मोटर दोन मिनिटं अडकवून ठेवली, गरम झाली, वास आला' ही नोंद पुढच्या गटाला कुठल्याही सूचनाफलकापेक्षा जास्त उपयोगी पडते. म्हणजे मोडलेल्या वस्तूतूनही पुढच्या मुलीला काही दिलं जातं.

वही फुकट आहे. तिच्या जोडीला रजिस्टरमध्ये एक ओळ हवी : शिकताना खर्ची पडलेलं. खडू खर्ची पडतो तेव्हा कोणी खुलासा मागत नाही. चालवण्यासाठी पाच वर्षांत 10 लाख मिळत असतील, तर ते वर्षाला 2 लाख होतात. त्यातला एक लहानसा हिस्सा मोडतोडीचा म्हणून आधीच मान्य केला तर सरांचा खांदा हलका होईल, आणि सरांचा खांदा हलका झाला की कपाटाचं कुलूप निघेल.

मुलाच्या हातात वस्तू देताना आपल्या तोंडून आपोआप निघतं, "जपून हं." एकदा फक्त ऐकून बघा, त्यात आपण कोणाला जपायला सांगत असतो.