ओलं सरपण

स्तनाच्या कर्करोगाच्या गाठीचा रिपोर्ट हातात आला की घरातली माणसं तो पत्रिकेसारखा वाचतात. ईआर, पीआर, हर-टू, केआय-67 ही जणू ग्रहांची नावं, आणि त्यांच्यापुढच्या आकड्यांना विचारायचा प्रश्न एकच : पुढे काय होणार? गाठ काढून स्तन वाचवला असेल, तर त्यानंतर रेडिएशन, म्हणजे आपल्याकडे ज्याला अजूनही ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात ते, घ्यावं की टाळावं हेही आता याच आकड्यांना विचारलं जाऊ लागलं आहे. किरणांचा उपयोग कोणाला होईल हे गाठीतल्या ज्या खुणांवरून आधीच ओळखू पाहतात, त्यांना जैवनिर्देशक म्हणतात. त्यांचा विषय वैद्यकाचा आहे हे खरंच. पण एखाद्या खुणेवरून एका विशिष्ट माणसाबद्दल, अजून न घडलेल्या गोष्टीचं ज्ञान होतं का, हा प्रश्न वैद्यकातल्या या शोधापेक्षा फार जुना आहे आणि आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांनी, त्यावर शतकानुशतकं काथ्याकूट केला आहे. त्यांच्या हत्यारांनी हा रिपोर्ट वाचला तर तो पत्रिका उरत नाही, अनुमान होतो. आणि अनुमानाला नेहमी एक अट चिकटलेली असते.

आधी पुरावा पाहू. 2011 साली ‘लॅन्सेट’मध्ये 17 चाचण्यांतल्या 10,801 स्त्रियांचं एकत्रित विश्लेषण आलं. सगळ्यांचा स्तन वाचवून शस्त्रक्रिया झालेली. काहींना रेडिएशन दिलं, काहींना नाही. दहा वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण रेडिएशनशिवाय 35 टक्के होतं, रेडिएशन घेतल्यावर 19.3 टक्के. पंधरा वर्षांतले स्तनकर्करोगाचे मृत्यू 25.2 टक्क्यांवरून 21.4 वर आले. उपचार गुणकारी आहे, यात वाद नाही. तरीही पहिले दोन आकडे दुसऱ्या बाजूने वाचून पाहावेत. शंभरातल्या पासष्ट जणींचा आजार रेडिएशन न घेताही दहा वर्षांत उलटला नसता. एकोणीस जणींचा घेऊनही उलटला. फरक पडला तो मधल्या सोळा जणींना. त्या सोळा कोण, हे आधी कळलं तर बाकीच्यांची रोजची खेप, भाजलेली कातडी, क्वचित हृदयाला किंवा फुप्फुसाला पोचणारी झळ टळेल. जैवनिर्देशकांचा सगळा शोध या सोळा जणींसाठी चाललेला आहे.

अडचण अशी की या सोळांपैकी एकीचंही नाव कोणाला कधीच सांगता येणार नाही. रेडिएशन घेतलं आणि गाठ परत आली नाही, तर ती रेडिएशनमुळे आली नाही की येणारच नव्हती? एका बाईला एकच वाट चालता येते. दुसऱ्या वाटेवर काय झालं असतं हे पाहायला ती परत मागे जाऊ शकत नाही. म्हणून इथे प्रत्यक्ष हे प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, चालत नाही, अनुमानच करावं लागतं. धूर दिसला, म्हणजे डोंगरावर आग आहे. हे अनुमान ज्यावर उभं आहे त्या ‘जिथे धूर तिथे आग’ या नियमाला व्याप्ती म्हणतात, आणि तो दोन्हीकडून तपासावा लागतो : धूर आहे तिथे आग आहे, आणि आग नाही तिथे धूरही नाही. यालाच अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात. जैवनिर्देशकांच्या बाबतीत बहुतेक गोंधळ व्यतिरेक सोडून दिल्याने झाला आहे. एखादी खूण असलेल्या बायकांचा आजार जास्त उलटतो, एवढ्यावरून ती खूण आजार किती आक्रमक आहे ते सांगते. रेडिएशनने तो आटोक्यात येईल का, ते सांगत नाही. आग किती मोठी आहे हे कळणं वेगळं आणि ती पाण्याने विझेल हे कळणं वेगळं. तेलाची आग पाण्याने उलट भडकते. दुसरी गोष्ट कळायची तर तीच खूण असलेल्या बायकांचे दोन गट हवेत, एक रेडिएशन घेतलेला आणि एक न घेतलेला, आणि कोण कुठल्या गटात जाईल हे चिठ्ठी टाकून ठरलेलं हवं. स्वीडनमध्ये 1991 ते 1997 या काळात झालेल्या एका चाचणीतल्या जपून ठेवलेल्या गाठी आज म्हणूनच इतक्या मोलाच्या ठरल्या आहेत. गाठीतली सोळा जनुकं मोजणारी ‘पोलार’ ही पद्धत त्यांच्यावर तपासता आली, कारण तिथे व्यतिरेक उपलब्ध होता.

आता अटीकडे येऊ. नैयायिकांचं एक लाडकं उदाहरण आहे : धूर आहे तिथे आग असते, पण आग आहे तिथे धूर असेलच असं नाही. लाल तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग आहे, धूर नाही. आगीतून धूर निघायला सरपण ओलं लागतं. नियमात न सांगता लपून बसलेल्या या अटीला ते उपाधी म्हणतात, आणि उपाधी सापडली की अनुमान पडतं. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या ‘ल्युमिना’ अभ्यासाकडे या नजरेने पाहण्यासारखं आहे. वय 55 वा त्याहून जास्त, गाठ लहान, काखेतल्या गाठींत आजार नाही, संप्रेरकांना प्रतिसाद देणारी शांत जात, आणि केआय-67 हा वाढीचा वेग सांगणारा आकडा 13.25 टक्के किंवा त्याहून कमी, अशा 500 स्त्रियांना रेडिएशन दिलं नाही. पाच वर्षांत त्याच स्तनात आजार उलटण्याचं प्रमाण 2.3 टक्के निघालं. बातमीत याचं वाक्य होतं ते असं : केआय-67 कमी, रेडिएशन नको. पण त्या स्त्रिया संप्रेरकरोधक गोळ्यांच्या उपचारावर होत्या, आणि ती गोळी रोज, पाच वर्षं घ्यायची असते. ओलं सरपण इथे आहे. सांधे दुखतात, अंगातून वाफा निघतात म्हणून जिने सहाव्या महिन्यात गोळी सोडली, तिच्या गाठीतला आकडा बदलत नाही, पण अनुमान बदलतं. शिवाय केआय-67 मोजण्यात एका प्रयोगशाळेचा हात दुसरीशी जुळेलच असं नाही, आणि भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांच्या मानाने सरासरी दहाएक वर्षं आधी गाठतो. पंचावन्नच्या पुढच्या कॅनेडियन बायकांवरून बांधलेली व्याप्ती नाशिकच्या बेचाळीस वर्षांच्या बाईला लावणं म्हणजे दुसऱ्याच डोंगरावरचा धूर पाहणं.

यात काळाचाही एक प्रश्न आहे, आणि तो मला सर्वांत नाजूक वाटतो. ‘नाही’ हे आपल्याला कसं कळतं? कुमारिल भट्टांच्या परंपरेतल्या मीमांसकांनी त्यासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं, पण एका शर्तीवर : ती वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही. शांत जातीची गाठ सावकाश उलटते. ‘प्राईम-टू’ या चाचणीत 65 वा त्याहून जास्त वयाच्या 1,326 स्त्रिया होत्या. पाच वर्षांनी रेडिएशन न घेतलेल्यांत त्याच स्तनात आजार उलटण्याचं प्रमाण 4.1 टक्के होतं, घेतलेल्यांत 1.3. दहा वर्षांनी तेच आकडे 9.5 आणि 0.9 झाले. पाचव्या वर्षी खोलीत पुरता उजेड नव्हता. मात्र त्याच चाचणीत दहा वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखं, 81 टक्क्यांच्या आसपास होतं, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं.

फक्त प्रत्यक्ष मानणाऱ्या चार्वाकाला हे सगळं ऐकून हसू येईल. तो म्हणेल, तुम्ही पाहिलेल्या धुरांवरून न पाहिलेल्या धुराचा नियम करता. उपाधी लपलेली नाही याची खात्री तुम्हाला कधीच मिळणार नाही. मग सोडून द्या ते अनुमान. नैयायिक उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त दिलेलं उत्तर मला अजूनही पुरेसं वाटतं : शंका तिथपर्यंतच टिकते जिथे ती शंका घेणाऱ्याच्याच वागण्याला खोटं पाडत नाही. अनुमान नाकारणाराही धूर हवा असेल तर आगच पेटवतो. सगळ्यांना सरसकट रेडिएशन द्या म्हणणारा डॉक्टरही 2011च्या सरासरीवरून अनुमानच करत असतो, फक्त जास्त ढोबळ. दुसरा आक्षेप उलट टोकाचा आहे : आणखी जनुकं मोजा, मग शक्यता जाऊन खात्री येईल. वर्ग जितका बारीक कराल तितकं भाकीत त्या बाईच्या जवळ येईल, हे कबूल. पण तिच्यासारख्या बायकाही तितक्याच कमी उरतील, आणि व्याप्ती शिकायची ती त्यांच्यावरूनच. लहान गटात फरक दिसला नाही, तर तो नव्हता की दिसण्याइतक्या जणी नव्हत्या, हे ठरवता येत नाही. अंधारी खोली पुन्हा समोर येते.

‘लिहिलंय ते होणारच’ म्हणणाऱ्यांना या आकड्यांमुळे नवा आधार मिळाल्यासारखं वाटतं. आता लिहिणारी जनुकं आहेत, एवढंच. ही तुलना मला मान्य नाही. दैव एकीबद्दल बोलतं आणि अट घालत नाही. अनुमान अनेकींबद्दल बोलतं आणि अट घातल्याशिवाय बोलत नाही. या अटीमुळेच माणसाला वागायला जागा उरते. शंभरात नऊ-दहा जणींचा धोका, आयुष्य त्याने कमी होताना दिसत नाही, आणि बदल्यात तीन आठवड्यांच्या फेऱ्या वाचतात, हा सौदा बरा की वाईट हे कुठलंच जनुक सांगत नाही. ‘डॉक्टर, तुम्हीच काय ते ठरवा’ म्हणणाऱ्या बाईवर हे ओझं टाकणं क्रूर आहे, असं काही जण म्हणतात. व्याप्ती डॉक्टरांना माहीत असते, आणि ती समजेल अशा भाषेत सांगणं त्यांच्यावर आहे, हे बरोबरच. पण उपाधी तिच्या हातात असते. ‘प्राईम-टू’मध्ये गोळी मध्येच सोडलेल्यांत आजार जास्त उलटला, आणि गोळी चालू आहे का हे विचारणारा रकाना गाठीच्या रिपोर्टात नसतो.